कुटुंबप्रमुखाच्या रकान्यात काय लिहायचं?

सरकारी फॉर्म साहेबांच्या टेबलावर मंजूर होतो, छापखान्यात छापला जातो, खिडकीवर तपासला जातो. वाचला मात्र जातो झेरॉक्सच्या दुकानात. एकेक ओळ बोटाखाली धरून, ओठ हलवत, मध्येच थांबून "म्हणजे काय हो?" असं विचारणारी माणसं मला रोज भेटतात ती काउंटरच्या पलीकडे. नाशिकला त्र्यंबक नाक्याकडे माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं, म्हणजे संगणकावर मजकूर लावून देण्याचं, दुकान आहे. सिव्हिल हॉस्पिटल जवळ, सीबीएस म्हणजे एसटी स्टँड चालत जाण्याच्या अंतरावर. पेठ, हरसूल, सुरगाण्याकडून एसटीने आलेला माणूस पेशंटला कुणाजवळ तरी बसवतो आणि कागदांच्या मागे लागतो. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात रेशनकार्ड, आधार, जुने रिपोर्ट, एक्स-रेचं मोठं पाकीट. "सगळ्याच्या दोन-दोन काढा," म्हणतो. मशीन चालू असताना हळूच फॉर्म पुढे सरकवतो, "ताई, इथं काय टाकायचं?"

लोक अडाणी आहेत म्हणून असं विचारतात, असं समजणाऱ्यांचा मला राग येतो. विचारणाऱ्यांत बारावी झालेली पोरं असतात, अंबडच्या कारखान्यात सीएनसी मशीन चालवणारे असतात. द्राक्षाच्या बागेत तीस मजुरांची टोळी सांभाळणारी, कोणाचे किती खाडे आणि कोणाची किती उचल हे सगळं डोक्यात ठेवणारी बाई असते. त्यांना वाचता येतं. तो फॉर्मच त्यांनी वाचावा म्हणून लिहिलेला नसतो.

आरोग्य योजनांची चर्चा होते तेव्हा किती लाखांचं संरक्षण, किती आजार, कोणती हॉस्पिटलं, एवढंच बोललं जातं. ते महत्त्वाचं आहेच. २०१२च्या जुलैमध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ती आपल्या जिल्ह्यासह राज्यभर आली. २०१७मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार. मग केंद्राची आयुष्मान भारत आली, पाच लाखांची. २०२०च्या एप्रिलपासून दोन्ही एकत्र चालू लागल्या. २०२३मध्ये राज्याने फुले योजनेचीही मर्यादा पाच लाख केली आणि ती सगळ्याच रेशनकार्डधारकांना खुली केली. या योजनांमुळे जमीन न विकता बायपास झालेली माणसं मी पाहिली आहेत. म्हणूनच कागदाबद्दल एवढ्या तळमळीने बोलते. पाच लाखांचा दरवाजा उघडा आहे आणि उंबऱ्यावर माणूस एका रकान्याशी अडून बसला आहे, हे पाहवत नाही.

योजनेची नोंदणी हॉस्पिटलमधला आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, संगणकावर करतो, हे खरं. रेशनकार्ड आणि ओळखपत्र दाखवलं की तिथून पुढे पूर्वपरवानगीचं काम हॉस्पिटलचं. पण त्या टेबलापर्यंत पोचायला कागद लागतात. सुनेचं नाव रेशनकार्डावर चढवायचा अर्ज. त्याआधी तिच्या माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला. आजार योजनेत बसला नाही तर मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज, धर्मादाय रुग्णालयाचा अर्ज, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला. गरीब घरातल्या एका आजारपणामागे चार-पाच कार्यालयांचे कागद असतात. प्रत्येक कागद आपापल्या कार्यालयाच्या सोयीने लिहिलेला. हे सगळे कागद एका हातात येतात ते फक्त पेशंटच्या नातेवाइकाच्या.

कुटुंबप्रमुखाचंच घ्या. साधा रकाना आहे, कोणालाही कळेल असं वाटतं.

मध्यंतरी सुरगाण्याकडची एक बाई आली होती. नवऱ्याला दवाखान्यात आणलेलं, सोबत दीर. दिराने पेन घेतलं आणि कुटुंबप्रमुखाच्या जागी भावाचं नाव लिहायला सुरुवात केली.

"थांबा दादा," मी म्हटलं, "रेशनकार्डावर सगळ्यात वर कोणाचं नाव आहे?"

"आईचं."

"मग इथं आईचंच लिहा."

"पण घर तर भाऊ चालवतो."

त्याचं काय चुकलं? प्रमुख कोण, तर घर चालवणारा. मराठी माणूस तोच अर्थ घेणार. मात्र २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सर्वांत मोठ्या वयाच्या, अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईचं नाव लागतं. कायदा फार चांगला आहे, बाईच्या नावाने धान्य यावं यात मोठा अर्थ आहे. फॉर्म काढणाऱ्याने मात्र रकान्याखाली बारीक अक्षरात एवढंच छापायला हवं होतं की "रेशनकार्डावर पहिलं नाव ज्यांचं आहे ते." एक ओळ. ती नसली की फॉर्मवर एक नाव, कार्डावर दुसरं, आणि खिडकीतून कागद परत. त्याच पानावर 'अर्जदार', 'रुग्ण' आणि 'लाभार्थी' असे आणखी तीन रकाने होते. दीर अर्जदार, भाऊ रुग्ण, आई कुटुंबप्रमुख. लाभार्थी कोण, हे मलाही त्या पानावरून सांगता येईना.

दुसरा रकाना उत्पन्नाचा. 'कुटुंबाचे सर्व मार्गांनी मिळणारे एकूण वार्षिक उत्पन्न'. पगारदाराला हा प्रश्न सोपा जातो, कारण त्याच्याकडे फॉर्म सोळा, म्हणजे वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, असतो. निफाड-दिंडोरीच्या बागांत येणाऱ्या मजुरांचं वर्ष असं मोजता येत नाही. ऑक्टोबर छाटणीला टोळी उतरते, एकराच्या हिशोबाने उक्तं काम घेते. मग डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, विरळणी, पुढे माल काढणी, उन्हाळ्यात खरड छाटणी. मधल्या काळात गावाकडे भात, नागली. मुकादमाकडून घेतलेली उचल उत्पन्नात धरायची का? अवकाळी झाली आणि बाग गेली त्या वर्षी काय लिहायचं? घरचा भात किती रुपयांचा? या प्रश्नाला खरं उत्तर देणारा माणूस सर्वांत जास्त अडकतो, आणि एजंटकडून "टाक साठ हजार" ऐकून टाकणारा पुढे जातो.

त्यात प्रत्येक कागदाची मर्यादा वेगळी. पिवळ्या कार्डासाठी वार्षिक १५ हजार, केशरीसाठी एक लाखापर्यंत. मुख्यमंत्री सहायता निधीला १ लाख ६० हजार. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के आणि दुर्बल घटकांसाठी दहा टक्के खाटा राखीव असतात, तिथे मर्यादा १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. सातपूर-अंबडच्या कामगाराला ईएसआय, म्हणजे कामगार विमा योजना, लागू आहे का, ते महिन्याच्या पगारावर ठरतं, २१ हजारांच्या. एकच घर, एकच कमाई, आणि आपण गरीब आहोत का याची इतकी वेगवेगळी उत्तरं. माझ्याकडे येणारा माणूस विचारतो, "ताई, किती लिहिलं म्हणजे बसेल?" त्याला लबाडी करायची नसते. समोरचा आकडा कुठल्या मापाने मोजतोय हे कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं, म्हणून तो विचारतो.

आता वाक्यरचना. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, नकारही त्याच्यासोबत शेवटीच येतो. बोलताना हे खटकत नाही, कारण वाक्यं आखूड असतात. पण फॉर्मवर असतं त्या धाटणीचं एक वाक्य लिहून बघा: "अर्जदाराने यापूर्वी अन्य शासकीय योजनेअंतर्गत सदर आजाराकरिता लाभ घेतलेला नसल्याबाबतचे स्वयंघोषणापत्र सादर केल्याखेरीज अर्जाचा विचार करण्यात येणार नाही." यात नसल्याबाबत, केल्याखेरीज आणि येणार नाही, असे तीन नकार आहेत. शेवटच्या शब्दापर्यंत पोचेस्तोवर सुरुवात निसटते. रात्रभर हॉस्पिटलच्या व्हरांड्यात जागलेल्या माणसाची तर निसटतेच. हेच असं विचारता येतं: "या आजारासाठी आधी दुसऱ्या सरकारी योजनेतून मदत मिळाली आहे का? मिळाली नसेल तर खाली सही करा." कायद्याच्या दृष्टीने यात काय उणं राहिलं ते मला कोणी समजावून सांगावं, मी मनापासून ऐकेन.

याहून घातक प्रकार म्हणजे विधान नकाराचं आणि समोर होय/नाहीचे चौकोन. 'मी इतर योजनेचा लाभ घेतलेला नाही. होय / नाही.' एकाच घरातल्या दोघांनी माझ्यासमोर दोन वेगळ्या चौकोनांत खूण केली आहे, आणि दोघांनाही तेच म्हणायचं होतं की घेतलेला नाही.

माझा धंदा अक्षरांचा आहे, तेव्हा छपाईबद्दल थोडं बोलते. देवनागरीला रोमनपेक्षा उभी जागा जास्त लागते. वर मात्रा, वेलांटी, रफार, खाली उकार, आणि जोडाक्षरं असतील तर अक्षरात अक्षर. दोन पानांचा मजकूर एका पानात कोंबायचा म्हणून आठ पॉइंटमध्ये लावला आणि ओळींमधलं अंतर आवळलं, की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला जाऊन चिकटतो. मूळ छापील प्रतीत हे निभावून जातं. पण लोकांच्या हातात मूळ प्रत येते कुठे? येते ती झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स. दर वेळी सर्वांत आधी उडतात ते अनुस्वार आणि रफार. 'अर्ज'चा 'अज' होतो, 'वर्ष'चा 'वष'. मग करड्या पट्ट्या. शीर्षक उठून दिसावं म्हणून संगणकावर करडी पट्टी छान दिसते, तिसऱ्या कॉपीत ती काळी पडते आणि तिच्यावरचं शीर्षक गिळून टाकते. एकदा तर सूचनांचा अख्खा परिच्छेदच कडबोळं होऊन आला होता. कोणीतरी जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर, न बदलता, नव्या युनिकोड पद्धतीच्या फाइलमध्ये तसाच चिकटवलेला. तो छापला गेला, वाटला गेला, आणि खाली 'वरील सर्व सूचना वाचल्या व समजल्या' असं छापून सहीला जागा ठेवलेली.

नावाच्या रकान्याला दोन बोटं जागा. स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, तेही अंगठ्याएवढ्या अक्षरात लिहिणाऱ्या हाताने. लिहिणाऱ्याचा हात कसा आहे याचा विचार जागा आखणाऱ्याने करायचा असतो.

सगळ्यांना वाचता येईल असा कागद निघूच शकत नाही असं कोणी म्हटलं, तर मी त्याला नाशिकरोडला नेईन. तिथल्या नोटांच्या छापखान्यात १९२८पासून नोटा छापल्या जातात. नोट ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही वाचता येते. शंभराची जांभळट, दोनशेची पिवळी, पाचशेची राखाडी, प्रत्येकीचा आकार वेगळा. दृष्टिहीनांसाठी कडेला उठावाच्या तिरक्या रेघा, शंभरावर चार, पाचशेवर पाच. रविवार कारंजावर भाजी विकणारी आजी अंधारातही नोट ओळखते. कोणाच्या हातात जाणार याचा विचार आधी झाला, म्हणून ती अशी निघाली. तेवढाच विचार आरोग्याच्या कागदाचा व्हावा.

आणि शब्द सोपे केले की काम झालं असंही मला वाटत नाही. सर्वांत सोपा प्रश्न म्हणजे जो विचारलाच जात नाही तो. फुले योजनेतला फरक मी दुकानातच पाहिला. आधी कार्डाचा रंग महत्त्वाचा होता. पिवळं, केशरी, अंत्योदय, अन्नपूर्णा असेल तर पात्र. पांढऱ्या कार्डाचे शेतकरी चौदा ठरावीक जिल्ह्यांतले असले तरच बसायचे, आणि त्या यादीत मराठवाडा-विदर्भातले जिल्हे होते, नाशिक नव्हतं. येवल्या-सिन्नरच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे कसं समजावायचं? तो म्हणायचा, "पाऊस आमच्याकडे पण पडला नाही की." योजना सर्व रेशनकार्डांना खुली झाली आणि तो सगळा गुंता एका निर्णयासरशी गेला. त्यासाठी कोणाला साधा मराठी शब्द शोधावा लागला नाही. आता प्रत्येक फॉर्मवरून असा एकेक प्रश्न उडवता येतो का, हे कोणीतरी बसून पाहायला हवं. रेशनकार्डाचा बारा अंकी नंबर संगणकात टाकला की कुटुंबातली सगळी नावं समोर येतात. मग तीच नावं पुन्हा हाताने का लिहायला लावायची?

"आता सगळं ऑनलाइन होणार, तुमचे फॉर्म राहतात किती दिवस?" असं मला बरेच जण ऐकवतात. होऊ दे, दुकानाचं मी पाहून घेईन. पण ऑनलाइनने वाचणं सोपं झालेलं नाही. आयुष्मान कार्डाच्या ई-केवायसीला ओटीपी येतो तो आधारला जोडलेल्या मोबाइलवर, आणि तो मोबाइल मुलासोबत पुण्याला असतो. अंगठा लावायचा तर बागेत आणि मातीत घासून रेषाच उरलेल्या नसतात. मराठीत भरलेलं नाव इंग्रजीत आपोआप उमटतं ते भलतंच, आणि ते आधारशी जुळलं नाही तर पडद्यावर इंग्रजीत एक लाल ओळ येते. कागदावर निदान बोट ठेवून विचारता तरी येतं.

एक गोष्ट मला सर्वांत जास्त लागते, आणि ती भरतीच्या वेळची नाही, डिस्चार्जच्या वेळची आहे. फुले योजनेच्या पॅकेजमध्ये औषधं, तपासण्या, पेशंटचं जेवण येतंच. शिवाय घरी परतण्याचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंही येतं. घरी गेल्यावर दहा दिवसांपर्यंतचा पाठपुरावाही त्यातच आहे. डिस्चार्जच्या कागदांवर सह्या होतात, त्यांच्या झेरॉक्स माझ्याकडे होतात. मी विचारते, "मावशी, भाड्याचे पैसे मिळाले का?" मावशी म्हणतात, "कसले भाड्याचे?" माझ्या नात्यातल्या एका आजोबांना शहरातल्या एका खासगी रुग्णालयातून सोडलं तेव्हाही हेच झालं. सही होती, पैसे नव्हते, आणि कशावर सही केली ते घरातल्या कोणालाच सांगता येईना. पैसे थोडे होते, मान्य. पण हरसूलहून आलेल्या बाईला ते थोडे वाटत नाहीत. आणि दहाव्या दिवसाच्या आत टाका दुखला तर परत मोफत दाखवता येतं हे माहीत नसल्याने गावातच गोळ्या घेऊन बसणाऱ्याचं काय? फॉर्म न कळण्याची किंमत इथे शरीराने मोजावी लागते.

बाहेरच्या जगात याचा विचार झालेला आहे. अमेरिकेत गरीब कुटुंबांसाठीची मेडिकेड ही सरकारी आरोग्य योजना १९६५पासून आहे आणि मुलांच्या विम्याचा कार्यक्रम १९९७मध्ये आला. तिथल्या अनेक राज्यांनी अशा कागदांची भाषा साधारण सहावीच्या मुलाला कळेल इतकी सोपी असावी असा दंडक घातला. आपल्याकडेही खासगी विमा कंपन्यांना १ जानेवारी २०२४पासून ग्राहकाला पॉलिसीची मुख्य माहिती सोप्या भाषेत, ठरावीक नमुन्यात द्यावी लागते, आणि ग्राहकाने मागितली तर स्थानिक भाषेत. पैसे भरून विमा घेणाऱ्याला हा हक्क मिळाला. रेशनकार्डावर उपचार घेणाऱ्याला त्याची गरज कितीतरी अधिक आहे.

इंग्रजीत वाक्याची लांबी आणि शब्दातले उच्चाराचे तुकडे मोजून मजकुराची इयत्ता काढणारं सूत्र आहे. ते मराठीला जसंच्या तसं लावता येत नाही, आणि लावता आलं तरी माझा भर त्यावर नसेल. 'कुटुंबप्रमुख' शब्द कुठल्याही सूत्रात पास होईल; तो का अडतो हे त्या दिराने पेन हातात घेतल्यावरच कळतं.

म्हणून माझं मागणं अगदी छोटं आहे. फॉर्मचा मसुदा मंजुरीला जाण्याआधी दहा माणसांकडून भरून घ्या. कार्यालयातली माणसं नकोत. सिव्हिलच्या ओपीडीबाहेर बसलेली, सातपूरच्या गेटवर शिफ्ट सुटलेली, दिंडोरीच्या बागेत दुपारच्या सुट्टीत झाडाखाली टेकलेली माणसं घ्या. सुरगाण्यात घरी कोकणी, म्हणजे तिथल्या कोकणा आदिवासींची बोली, बोलणाऱ्यांना वेगळं बसवा, मालेगावात उर्दू वाचणाऱ्यांना वेगळं. त्यांना काहीही समजावून सांगू नका. फक्त पेन कुठे थांबतं ते पाहा आणि तिथे खूण करा. भरून झालं की विचारा, "तुम्ही आत्ता कशावर सही केलीत?" त्यांच्या तोंडून जे वाक्य येईल ते लिहून घ्या, बहुतेक वेळा तेच छापायला योग्य असतं. मग त्या मसुद्याची तीनदा झेरॉक्स काढा आणि तिसरी प्रत वाचता येते का ते बघा. त्या झेरॉक्सचे पैसे मी घेणार नाही.